दोरातून सुटणारा केरबा

खूप मागची गोष्ट आहे. नदीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या माणसाला बोलवायचं तर काठावर उभं राहून घसा फोडावा लागायचा, तेव्हाची. कुरणवाडीत दोर वळणाऱ्यांची एक आळी होती. घायपात कुजवायचा, बडवायचा, त्याचा वाख काढायचा आणि त्या वाखाचे कासरे न् दावी वळायची, हा त्यांचा धंदा. त्या आळीत केरबा जन्मला.

असं म्हणतात, केरबा रांगायला लागला तेव्हा त्याची आई कामाला बसताना त्याच्या कमरेला दावं बांधून त्याला खांबाला अडकवायची. वळून बघावं तर पोरगं उकिरड्यावर, कोंबड्यांच्या मागं. ती गाठ बदलायची, पीळ बदलायची, तरी पोरगं उकिरड्यावर. शेवटी कपाळाला हात लावून ती म्हणाली, "ह्याला बांधून ठेवणारी अजून जन्मायची हाय."

तशी ती जन्मलेली होती. नदीच्या वरच्या अंगाला, नावाड्याच्या घरात. तिचं नाव हौसा.

लग्न झालं आणि केरबा एका तंबूच्या खेळात शिरला. आधी टोपीतून कबुतरं काढायचा, मग रिकाम्या घागरीतून पाणी. पण लोक यायचे ते त्याला बांधलेला बघायला. साखळ्या आणा, बेड्या आणा, पेटीत घालून खिळे ठोका, केरबा सुटायचाच. एका संस्थानच्या राजानं त्याला तुरुंगात कोंडला आणि दाराशी दोन शिपाई उभे केले. राजा वाड्यावर परत येतो तो केरबा ओसरीवर सुपारी कातरत बसलेला. शिपाई कोठडी उघडायला गेले, तर दाराला कडी आतून. असं म्हणतात बाई, खरं खोटं त्या शिपायांना ठाऊक.

खेळाची एक रीत होती. आधी लोकांनी बांधायचं आणि शेवटची गाठ हौसानं मारायची. केरबा लोकांकडं बघून म्हणायचा, "तुमच्या गाठी सोडवीन हो, पण बायकोनं मारलेली गाठ कुणाला सुटलीय?" लोक हसून लोळायचे. हौसा हसायची नाही. गाठ मारता मारता ती बाकीच्या सगळ्या गाठी बोटांनी चाचपायची. कुठली घट्ट आहे, कुठली फसवी आहे, ते त्याच्या कानात सांगायची. लोकांना वाटायचं, देवाचं नाव घेतेय.

सगळ्यात तिचा जीव घाबरायचा तो पाण्याच्या खेळाला. केरबाला हातापायांनी बांधून डोहात सोडायचं आणि दोराचं एक टोक काठावर हौसाच्या हातात. त्यानं आतून हिसका दिला की ओढायचं, एवढंच तिचं काम. तो पाण्याखाली गेला की ती आपला श्वास धरून ठेवायची. छाती फुटायला आली की तिला कळायचं, आता येईल. आणि तो यायचा. केस झटकत, हसत यायचा. तिला मात्र रात्री जेवण जायचं नाही.

पाण्याच्या खेळाचा दोर ती आदल्या दिवसापासून भिजत घालायची. वाखाचा कोरडा दोर पाण्यात फुगतो, आखडतो, आणि गाठ दगडासारखी बसते. आधीच भिजलेला दोर आणखी आखडत नाही. हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरीसुद्धा ते झालंच.

असं झालं, की केरबाचं नाव लांब लांब गेलं आणि कुरणवाडीनं त्याला जत्रेला बोलावलं. आपल्या गावात, आपल्या डोहात खेळ करायला. हौसाची लेक तेव्हा अंगावर पीत होती. आळीतल्या माणसांनी केरबासाठी नवा दोर वळला होता. सगळ्या घरांनी एकेक पीळ दिलेला. दोराला हळद लावली, हार घातला, हलगी वाजवत मिरवत डोहावर आणला. केरबाचा चुलतभाऊ मसू पुढं होता.

हौसानं दोराला हात लावला, बोटांनी दाबून पाहिला.

"मसू भावजी, ह्यो कोरडा हाय."

"मानाचा हाय, वैनी. मानाच्या दोराला पाणी लावत्यात व्हय? पाणी लागलं म्हंजे वापरलेला झाला."

"मग आमचा जुना आणते. भिजलेलाच हाय."

"अगं, समदी आळी हात सोलून बसलीय, आन् तू जुना आणतीस?"

ती केरबाकडं वळली. "तुमी तरी सांगा."

केरबानं दोर हातात घेतला. सगळी आळी त्याच्याकडं बघत होती. म्हातारी माणसं, बायका, आणि त्याची आई. तो हळूच म्हणाला, "राजाच्या बेडीला न्हाई म्हणलो असतो हौसा. ह्यास्नी कसा म्हणू?"

"माझ्याकडं बघा. पोरीकडं बघा."

"येतो की. कवा आलो न्हाई?"

त्यांनी त्याला बांधला. दोर वळणारी माणसं ती, त्यांच्या गाठी काय विचारता. हौसानं चाचपल्या, एकही फसवी नव्हती. तिनं शेवटची गाठ मारली, जमेल तेवढी सैल, आणि दोराचं टोक धरायला गेली. तर मसूनं ते आधीच धरलेलं.

"आज आमी धरतो, वैनी. तू पोरीला घेऊन निवांत बस."

निवांत कसली बसते. केरबा पाण्यात गेला, गोल गोल वलयं उठली आणि मिटली. हौसानं श्वास धरला. छाती फुटायला आली. आता येईल. नाही आला. तिनं दुसरा श्वास घेतला आणि तोही धरला. पोरगी तिच्या कडेवर चुळबुळत होती.

"ओढा," ती म्हणाली.

"हिसका कुठं दिलाय अजून? खेळ नासंल त्याचा."

लोकांना वाटलं, केरबा मुद्दाम वेळ लावतोय. आपल्या गावासाठी जादा करतोय. कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळा काठच टाळ्या वाजवायला लागला. हलगी घुमली. शिट्ट्या सुटल्या. हौसा ओरडत होती ते शेजारणीलाही ऐकू येत नव्हतं. तिनं मसूकडं पाहिलं.

मसूही टाळ्या वाजवत होता. दोन्ही हातांनी. दोर त्याच्या पायाखाली पडला होता, आणि त्याचं टोक सरकत पाण्याकडं चाललं होतं.

हौसानं लेक सासूच्या अंगावर टाकली आणि दोरावर झडप घातली. ओढला. तो हलका आला. फार हलका आला. सगळा दोर काठावर आला तेव्हा टाळ्या आपोआप थांबल्या. सगळ्या गाठी तशाच होत्या, फुगून दगडासारख्या झालेल्या. मनगटाचे वेढे तसेच, पायाचे वेढे तसेच. त्यातून मुंगी निघाली नसती. आणि आत माणूस नव्हता.

"सुटला," मसू म्हणाला. "बघा, सुटला की केरबा."

"मग कुठं हाय?" हौसानं विचारलं.

सगळ्यांनी पलीकडच्या काठाकडं पाहिलं. खालच्या वाळूकडं पाहिलं. तिच्या माहेरच्या नावाड्यांनी डोहाचा तळ धुंडाळला. केरबा मेलेला सापडला नाही आणि जिवंतही आला नाही. पुढं कुठल्या कुठल्या गावांत तो दिसल्याचं लोक सांगत आले. लांबच्या एका बाजारात म्हणे त्यानं पोरांना कबुतर काढून दाखवलं. हौसा प्रत्येकाचं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "वर आला तवा दम लागला होता का त्याला?" कुणाला सांगता यायचं नाही. तिनं कुंकू पुसलं नाही. लेकीला मात्र घोट्याच्या वर पाण्यात कधी जाऊ दिलं नाही.

पुढच्या सालच्या जत्रेत डोंबाऱ्याची एक लहान पोर उंच बांबूवर चढून हात पसरून उभी राहिली. लोकांचे हात टाळीला उठले. हौसा गर्दीतून पुढं आली आणि तिनं हात आडवा धरला.

"आधी खाली येऊ द्या तिला," ती म्हणाली. "आईजवळ जाऊ द्या."

लोकांचे हात तसेच राहिले. पोर खाली उतरली, आईला जाऊन बिलगली, मग टाळ्या वाजल्या.

तेव्हापासून कुरणवाडीत तेच चालत आलंय. नवा दोर कुणाला द्यायचा तर आधी डोहात बुडवून देतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आणि खेळ कुठलाही असो, कुस्ती असो की शाळेचं गॅदरिंग, माणूस परत आपल्या माणसांत आल्याशिवाय गाव टाळी वाजवत नाही. बाहेरचे पाहुणे चुकून वाजवायला गेले, तर शेजारची बाई त्यांच्या हातावर हात ठेवते आणि म्हणते, "थांबा, केरबाच्या नावानं थांबा." नाच संपतो, गाणं थांबतं, मांडवात चिडीचूप होतं. एकेक लेकरू स्टेजवरून उतरतं, अंधारातून वाट काढत येतं, आणि त्याची आई उभी राहून ते दिसेपर्यंत बघत राहते.