हिंदुरावांची उंच जीप

हिंदुरावांनी वडिलांची जुनी जीप रसूल मिस्त्रीकडून हातभर उंच करून घेतली, ट्रॅक्टरला शोभतील अशी चाकं घातली आणि गॅरेजातच मिशीला पीळ दिला. माणूस साखर कारखान्याचा संचालक, त्याला अडवणार कोण?

"मिस्त्री, ओढा असो की डोंगर असो, ही गाडी जिथं अडेल अशी जागा दाखव. मिशी उतरवतो."

"दाखवतो की मालक, चला," म्हणत रसूल शेजारी बसला आणि त्यानं जीप हिंदुरावांच्याच दारात उभी करायला लावली. गल्ली गोळा झाली.

"आता आईंना बाजाराला न्या. रोजचीबी गाडी हीच ना?"

म्हातारी काठी टेकत आली. तिनं पाय उचलला, तो निम्म्यालाही पोचला नाही. पुन्हा उचलला. मग लेकाची लाज राखायला म्हणाली, "माझंच गुडघं गेलं बाबा. तू जा डोंगरात, मी रिक्षानं जाते."

कुणी हसलं नाही. हसले असते तर हिंदुरावांना बरं वाटलं असतं. वडील होते तोवर म्हातारी याच जीपमध्ये पुढं बसायची.

"मिशी राहू द्या मालक," रसूल हळूच म्हणाला. "एक पायरी लावू का?"

"पायरी नको," हिंदुराव जमिनीकडं बघत म्हणाले. "गाडीच खाली घे."