नव्या पाटीची दवंडी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बातमी ढोल वाजवत गावात यायची आणि ती ऐकायला लोक हातातलं काम टाकून धावायचे. धावायची सवय तेवढी अजून गेलेली नाही, पण ते असो.

एका नदीकाठच्या गावात विणकरांची एक आळी होती. तिथे कोंडाजी नावाचा नक्षीकार राहायचा. लुगड्याच्या काठावर मोर कसा बसवायचा, पदरावर वेल कशी चढवायची, हे तो ठरवायचा. त्याच्याकडे एक लाकडी धूळपाटी होती. तिच्यावर तो विटेची बारीक भुकटी पसरायचा आणि काडीने नक्षी काढायचा. विणकर येऊन नक्षी बघायचे, बोटांनी नक्षीतली घरं मोजून घ्यायचे आणि आपापल्या मागावर जायचे. संध्याकाळी कोंडाजीने हात फिरवला की पाटी कोरी.

त्याची बायको तुळजा. घरातला एकुलता एक माग तिचा. ती विणायची, म्हणून घराची चूल पेटायची, आणि विणताना ती गुणगुणायची, म्हणून घर आनंदात असायचं.

त्या आळीत एक रीत होती. कुणाचं काम खरंच अडलं, तर त्याने दाराच्या चौकटीला लाल धागा बांधायचा. लाल धागा दिसला की सगळी आळी मदतीला यायची. कुणी ताटावरून उठून यायचं, कुणी कडेवर पोर घेऊन यायचं. म्हणून लाल धागा उगीच कुणी बांधत नसे. लहान पोरंसुद्धा त्या धाग्याशी खेळत नसत.

तर एके दिवशी दवंडी आली.

"ऐका हो ऐका! राजधानीत नवी पाटी तयार झाली हो! बोटाने लिहा, बोटाने पुसा! पुसलेलं पुन्हा दिसेल! अंधारात उजेड देईल! हजार चित्रं पोटात ठेवेल! आणि आधीच्या पाटीपेक्षा पातळ हो पातळ! आठ दिवसांनी गाडी येईल. दुभती म्हैस द्या, नाहीतर चालता माग द्या, आणि पाटी घेऊन जा!"

आधीची पाटी गावात कुणी पाहिलीही नव्हती. तरी ही तिच्यापेक्षा पातळ आहे हे ऐकून सगळे खूश झाले.

कोंडाजी घरी आला तो तरंगतच.

"अगं, ऐकलंस का? पातळ आहे म्हणे!"

"पातळ?" तुळजाने धोटा थांबवला. "पाटी आहे की पापड?"

"तुला प्रत्येक गोष्टीत थट्टाच सुचते. अगं, हजार चित्रं राहतात तिच्या पोटात."

"आणि द्यायचं काय?"

कोंडाजीने फक्त मागाकडे पाहिलं आणि मग पटकन खिडकीबाहेर पाहिलं. पण बायकांना तेवढं पुरतं.

त्या मागावर तुळजाच्या आईने तिचा हात धरून पहिला धागा ओवला होता. पण ती आदळआपट करणारी नव्हती. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "अहो, गाडीला आठ दिवस आहेत ना? तोवर त्या पाटीवाचून तुमचं काम अडलं, तर चौकटीला लाल धागा बांधा. एकदा जरी अडलं, तरी माग तुमचा. मी हूं की चूं करणार नाही."

"एकदा जरी?"

"एकदा जरी."

कोंडाजी मनातल्या मनात हसला. आठ दिवसांत एकदा तर कुणाचंही काम अडतं!

त्याने लाल धागा कमरेला खोचला आणि तो काम अडण्याची वाट पाहत बसला. आणि बघा कसं असतं, ज्या दिवशी आपण वाट बघतो त्या दिवशी काही अडत नाही. पहिल्या दिवशी त्याने राघूंची रांग काढली, विणकर बघून गेले. दुसऱ्या दिवशी कोयऱ्या काढल्या, त्याही विणकरांनी मोजून नेल्या. तिसऱ्या दिवशी भुकटी संपली. तो आनंदाने उठला, तर शेजारच्या पोरीने ओंजळभर आणून दिली. तो तिच्यावरच खेकसला. पोरगी बिचारी बघतच राहिली.

पाचव्या दिवशी वारा सुटला. खिडकीतून झोत आला आणि अर्धा मोर उडाला. "अडलं!" म्हणून कोंडाजीने धागा काढलादेखील. पण सवयीने त्याची काडी फिरली, मोर पुन्हा उमटला, आणि या वेळी त्याची मान अशी काही वळली की विणकर म्हणाले, "वा कोंडाजी, सकाळच्यापेक्षा हाच झकास!" कोंडाजीने धागा परत खोचला. एवढी स्तुती ऐकून इतका हिरमुसलेला माणूस त्या आळीने पहिल्यांदाच पाहिला.

सात दिवस गेले. काम काही अडलं नाही. पण मन मात्र पाटीत असं अडकलं, की त्याला जेवण गोड लागेना.

आठव्या दिवशी भल्या पहाटे तो उठला. इकडे तिकडे पाहिलं. चौकटीला लाल धागा बांधला आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

तुळजा सडा घालायला बाहेर आली. तिला धागा दिसला. मग बादली खाली ठेवून ती आत गेली. तिने काही विचारलं नाही. लाल धाग्याला कुणी कधी 'खरा का' असं विचारत नसे.

तेवढ्यात आळी जागी झाली. धागा बघताच माणसं धावली. म्हातारी सोनाई सगळ्यांत आधी पोचली, तीही गुडघ्यावर हात ठेवत ठेवत.

"कोंडाजी, बाबा, काय अडलं रे?" तिने धापा टाकत विचारलं. "सांग लवकर. माझ्याकडे सूत आहे, भुकटी आहे. माणूस लागत असेल तर मी माझ्या लेकाला उठवते."

"काय अडलं?" मागून दुसऱ्याने विचारलं.

"काय हवंय, बोल की!" तिसरा म्हणाला.

कोंडाजी काय सांगणार? पातळ पाटी हवी आहे म्हणून? समोर धाप लागलेली म्हातारी उभी होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि त्याच वेळी आतून आवाज आला. कच्. कच्. कच्.

कात्रीचा आवाज. तुळजा माग सोडवत होती. अर्ध्या विणलेल्या लुगड्याचा ताणा, मागावरचे उभे धागे, कापत होती.

"थांब!" कोंडाजी ओरडत आत धावला. "थांब गं! माझं काही अडलेलं नाही! मी खोटं बोललो! धागा खोटा आहे!"

तुळजाचा हात थांबला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "मला नाही, त्यांना सांगा," ती म्हणाली. "त्या धावत आलेल्या माणसांना."

कोंडाजी बाहेर आला. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. कुणी त्याला रागावलं नाही. सोनाई तेवढी म्हणाली, "आता पुन्हा तू धागा बांधलास, तर मी येईन रे. पण येताना आधी विचार करीन." ते त्याला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

दुपारी गाडी आली. गावच्या म्हाताऱ्या लेखनिकाचा हात कापायचा. वर्षभरात त्याला चार ओळी धड लिहिता आल्या नव्हत्या, लोकांची पत्रं तशीच पडून होती. त्याने म्हैस दिली आणि पाटी घेतली. संध्याकाळपर्यंत बोटाने लिहीत, चुकलेलं पुसत त्याने सात पत्रं लिहिली, आणि सारा गाव त्याच्यासाठी आनंदला. कोंडाजीही आनंदला, अगदी मनापासून.

पण त्याला तिथे फार वेळ थांबता आलं नाही. कापलेले पाचशे धागे घरी वाट पाहत होते. तुळजा एक टोक धरायची, तो दुसरं टोक जुळवून पीळ द्यायचा. एक धागा, मग दुसरा, मग तिसरा. त्यात चार दिवस गेले. माग पुन्हा चालू लागला आणि तुळजा पुन्हा गुणगुणू लागली. आळीचा विश्वास सांधायला मात्र कोंडाजीला कितीतरी वर्षं लागली.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, नवी वस्तू काय काय करते हे विचारण्याआधी तिच्यावाचून आपलं काय अडलं आहे ते विचारावं, आणि स्वतःला खरं उत्तर द्यावं.