हाकेचं तळं

आंबेदरीच्या सड्यावर ओळीने चार तळी आहेत. पहिल्या तिन्हींच्या काठी कितीही ओरडलं तरी काही परत येत नाही. चौथ्याच्या काठी हाक परत येते. आणि मारणारा कुणीही असो, परत येताना ती बाईच्या आवाजात येते, असे सांगतात.

वाट सोपी आहे. एकदा वाडीतून वर चढलं की पुढे सगळं सपाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सोनकीची पिवळी फुलं. म्हणून तर सासूबाईही गुडघ्याला पट्टा बांधून आल्या होत्या. वाट दाखवायला वाडीतले म्हातारे जानकूमामा ढेबे होते. आमच्या लग्नाला दोन महिने झाले होते आणि नवऱ्याला नेमकी काय हाक मारायची, हे माझं अजून ठरलं नव्हतं. सासरी 'अहो', माहेरी फोनवर 'हे'. एरवी मी जवळ जाऊन खांद्याला बोट लावत असे. तेवढ्यावर भागत होतं.

नवरा कॅमेरा घेऊन बराच पुढे गेला होता. जानकूमामा चालता चालता तळ्याची गोष्ट सांगू लागले. पलीकडच्या दरीतून धुकं वर येत होतं. मी अर्धं लक्ष गोष्टीकडे आणि अर्धं त्याच्या निळ्या जॅकेटकडे ठेवलं.

फार पूर्वी, म्हणे, वाडीतले धनगर पावसाळा सरताना म्हशी घेऊन या सड्यावरून खाली उतरत. पुढे म्हशी, मागे पुरुष, त्यांच्या मागे बायका. त्या वर्षी त्यांच्यात ठकू होती, बिरूची नवी बायको. चौथ्या तळ्यापाशी धुकं उतरलं. या तळ्याच्या कडेला गवताचा थर पाण्यावर तरंगतो आणि जमिनीसारखाच दिसतो. म्हशीला तो ओळखता येतो, माणसाला नाही. बिरूची एक पारडी, म्हशीचं पिल्लू, कळपातून चुकली होती. तिला शोधत तो वाट सोडून गेला. ठकूला धुक्यात त्याच्या घोंगडीचं काळं टोक तेवढं दिसलं, आणि ते पाण्याकडे सरकत होतं.

ती ओरडली, "अवो!"

तांड्यातल्या बाकीच्या सगळ्या पुरुषांनी ओ दिली. प्रत्येकीचा नवरा 'अवो'च. बिरूला वाटलं, कुणीतरी आपल्या नवऱ्याला बोलावतंय. तो चालतच राहिला.

"मग नाव का नाही घेतलं तिने?" मी विचारलं. सकाळपासूनचं माझं हे पहिलंच वाक्य असावं, कारण सासूबाईंनी वळून पाहिलं.

"कसं घेनार, सूनबाई? नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य उणं होतं, असं मानायचे. उखाण्यात घातलं तर चालायचं. आता तो बुडाय लागलाय आन् हिनं उखाणा जुळवायचा का?"

ठकूने तोही जुळवायला घेतला होता, असे सांगतात. 'तळ्याच्या काठी' एवढं म्हणाली आणि पुढचं सुचेना. धुक्यातलं काळं टोकही दिसेनासं झालं. तेव्हा ती खाली बसली, पाण्याला हात लावला आणि म्हणाली, "बाई, उणं करायचं तर माझं कर." मग उठून तिने पोटातून हाक मारली, "बिरू!"

बायकोच्या तोंडी आपलं नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तो जागच्या जागी थबकला. काठी पुढे टेकवली, तर ती मुठीपर्यंत आत गेली.

बिरू नातवंडं पाहून गेला, म्हणे. ठकूही जगली. पण त्या हाकेनंतर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तळ्याने तिचं आयुष्य घेतलं नाही, आवाज मात्र ठेवून घेतला.

"तवापासनं नवी सून पहिल्यांदा आली की या काठाला तिनं नवऱ्याचं नाव घ्यायचं. मोठ्यांदा, बिनउखान्याचं. आन् हाक माघारी येस्तवर कुनी पाऊल उचलायचं न्हाई."

आम्ही चौथ्या तळ्याच्या काठावर पोहोचलो होतो. धुक्यात समोरचा काठ नव्हता. निळं जॅकेटही नव्हतं.

"बाळा!" सासूबाईंनी हाक मारली. "अरे बाळा!"

"काय गं आई?" कुठूनसा आवाज आला. दुसऱ्याच कुठल्या तरी सहलीतला मुलगा होता.

"हा आपला नव्हे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापलेला मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी माझं मनगट धरलं. "घे गं. घे त्याचं नाव."

ओरडायला याच्याइतकं गैरसोयीचं नाव दुसरं नसेल.

"कौस्तुभ!"

काहीच आलं नाही. जानकूमामांनी हात वर करून आम्हाला थोपवून धरलं. मग पाण्यावरून नाव परत आलं, बाईच्या आवाजात. मी बाईच असल्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही. पण तो आवाज माझ्यापेक्षा खूप मोठा होता.

आणि डावीकडून, अगदी जवळून, घाबरलेलं उत्तर आलं, "थांबलोय! पाय आत जातोय इथे!"

"हलू नगा!" मामा काठी टेकत धुक्यात शिरले आणि त्याला दंडाला धरून घेऊन आले. एक पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरला होता. सासूबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि थर्मासमधला पहिला चहा मला दिला.

आजही आंबेदरीच्या सड्यावर नवी सून आली की सगळे चौथ्या काठावर थांबतात आणि हाक परत येईपर्यंत पाऊल उचलत नाहीत. माझा घसा उतरतानाच बसला होता. दोन दिवस माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि घरात कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. जानकूमामांना मात्र मी निघताना घशावर बोट ठेवून खुणेनेच विचारलं होतं. ते म्हणाले, "येईल माघारी दोन दिसांत. तळं आताशा तेवढंच ठेवून घेतं."