ओट्याची पहिली दिवाळी

भांडीकुंडी माणसांशी बोलत असत त्या काळी सिंधूकाकूंनी स्वयंपाकघरात पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा नवा ओटा बांधून घेतला.

"काकू, मला जपा हं," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "एक जरी डाग पडला तरी मी कुणाला तोंड दाखवू?"

काकूंना ते पटलं. त्यांनी ओट्यावर जाड चादर अंथरली आणि शेगडी मागच्या पडवीत नेली. ओटा खूश झाला.

दिवाळी आली. पडवीत चकल्या तळताना, वेलदोडे कुटताना हसण्याखिदळण्याला ऊत आला. चादरीखालून ओट्याला सगळं ऐकू येत होतं, पण त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. शेवटी न राहवून त्याने हाक मारली, "खलबत्तेदादा, इकडे या ना!"

"नको रे बाबा! ओरखडा उठला तर तूच रडशील."

"मग आत्ता मी काय करतोय?"

खलबत्ता खो खो हसला. काकूंनी चादर काढली आणि सगळा गोतावळा ओट्यावर आला. संध्याकाळी चिवड्याची फोडणी सांडून हळदीचा पिवळा डाग पडला. काकू फडकं घेऊन धावल्या.

"राहू द्या ना, काकू. माझा पहिलाच आहे."

"पुसू दे रे," काकू हसून म्हणाल्या, "उद्याच्या डागाला जागा नको का?"