नगाऱ्यामागचे म्हातारे घोडे

उंबरगडच्या नदीकाठी म्हातारे घोडे मरायला टेकले होते, आणि पांजरपोळाचे कारभारी त्यांना आत घ्यायला तयार नव्हते.

घोडे खुद्द महाराजांचे. त्यांच्या पाठीवर बसून महाराजांच्या फौजेने लढाया मारल्या. दात गेले, तसं पागेच्या दारोग्याने यंदाच्या उन्हाळ्यात त्यांना बाहेर काढलं. नदीकाठी गवत गुडघाभर, पण चावायचं कशाने? पागेला गवत पुरवणारी म्हाळसा घरचा कोंडा भिजवून त्यांच्यापुढे ठेवी. तो त्यांच्या दाढेलाही लागत नसे. दाढा असत्या, तरी लागला नसता.

शेवटी ती पांजरपोळात गेली. कारभारी गुंडोपंत म्हणाले, मालकाने स्वतः दारात येऊन जनावर सोडावं, असा इथला नियम. या घोड्यांच्या मांडीवर राजाचा डाग आहे, तेव्हा महाराजांना घेऊन ये. ती दारोग्याकडे गेली. तो म्हणाला, पागेतून गेला तो घोडा आमचा नाही, आणि हे महाराजांना सांगायची माझी छाती नाही. तुझी असेल तर जा.

म्हाळसा गेली.

ऐकून महाराजांचा पारा चढला. राजाचे घोडे धर्मादायाच्या दारात? सोयरे काय म्हणतील? त्यांनी फर्मावलं, "ते माझे असतील तर आपल्या पायांनी माझ्यामागे येतील. दोरी लावायची नाही, हाकायचं नाही, चारा दाखवायचा नाही. न आले, तर राजकुरणात तुझा विळा बंद."

दरबार फिदीफिदी हसला. ज्यांना धड उभं राहवत नाही, ते येणार!

"दसऱ्यापर्यंत मुदत द्या, महाराज," म्हाळसा म्हणाली.

मुदत मिळाली. बाई काय करते म्हणून गाव पाळत ठेवून बसलं. बाई काहीच करेना. सकाळी गवत, संध्याकाळी कोंडा. गुंडोपंत मुद्दाम नदीवर आले.

"काय गं म्हाळसे, घोड्यांना मंत्र शिकवतेस की काय?"

"नाही पंत. त्यांना येतंय तेवढं पुरे आहे."

दसरा आला. महाराज घोड्यावर बसून सीमोल्लंघनाला निघाले आणि लढाईच्या नगाऱ्यावर टिपरी पडली. लढाया थांबल्यापासून तो वर्षातून एवढ्याच दिवशी वाजे. नदीकाठी एका डोळ्याने आंधळ्या अबलख घोडीने कान टवकारले. नगारा वाजला की राजाच्या मागे जाऊन उभं राहायचं, हे त्या घोड्यांनी जन्मभर केलेलं. खूर वाढून फाकलेले, पाठीवर माश्या घोंगावताहेत, तसे ते लंगडत आले आणि महाराजांच्या मागे जो तो आपल्या जागी उभा राहिला. पागेतले तरणे घोडे गर्दीला बुजून मोतद्दारांना फरफटवत होते. हे मात्र नुसते उभे.

महाराजांनी मागे वळून पाहिलं. सीमेपर्यंत आणि परत, सगळी वाट त्यांनी आपला घोडा अगदी सावकाश चालवला.

वाड्याच्या दारात राणीसाहेब ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. महाराजांनी म्हाळसाला पुढे बोलावलं.

"माझेच आहेत, कबूल. तुझं कुरण तुला. पण म्हणून राजाने धर्मादायाच्या दारात पदर पसरावा? ते होणे नाही. अन् पागेत जागा नाही."

"पसरायचा कशाला, महाराज? राजाबरोबर सीमा ओलांडून आलेल्या गड्याला दारात ओवाळून आत घेतात. एवढे गडी खोळंबलेत. राणीसाहेबांनी ताट घेऊन पांजरपोळाच्या दारात यावं, तुम्ही पुढे व्हावं. पंतांचा नियम आहे, मालकाने दारात यावं. मागायला यावं, असं नाही. जिंकून आलात, ओवाळून घ्या आणि यांना आत सोडा!"

महाराज गडगडाटी हसले. त्यांचा घोडा दचकून दोन पायांवर उभा राहिला. म्हातारे तसूभर हलले नाहीत.

वरात पांजरपोळाकडे वळली. गुंडोपंतांनी दार सताड उघडलं. राणीसाहेबांनी अबलख घोडीला कुंकू लावलं, तिने ताटातल्या अक्षता खाऊन टाकल्या.

"म्हाळसा, तुला काय देऊ?" महाराजांनी विचारलं.

"यांना रोज भिजवलेला हरभरा, महाराज. अन् तो पाट्यावर वाटायला दारोगा."