कोटाची ट्रायल

डॉक्टर राजाध्यक्ष शस्त्रक्रियेचे यश केवळ एक्स-रेवरून ठरवीत. दामोदर माळवदे या शिंप्याच्या मणक्याची शस्त्रक्रिया त्यांनीच केली होती. तरी तीन महिन्यांनंतरही त्याला मशीनवर अर्धा तास बसवत नव्हते.

"फोटोत मणका सरळ आहे, माळवदे. दुखणं तुमच्या मनात आहे," असे म्हणून डॉक्टरांनी फेरतपासणी नाकारली.

पुढे डॉक्टरांच्या सत्काराचा कोट दामोदरकडेच शिवायला आला. एरवी कच्च्या शिलाईवर ट्रायल घेणाऱ्या दामोदरने या वेळी ती घेतलीच नाही. तयार कोट अंगात चढवताच डॉक्टर कुरकुरले, "काखेत ओढतोय. हात वर होत नाही."

दामोदरने टेप लावली. "छाती बेचाळीस, बाही चोवीस. माप चोख आहे, साहेब. ओढणं तुमच्या मनात असेल."

"अहो, कोट घालणार मी. मला विचाराल की नाही?"

"पाठही मीच वागवतोय, साहेब."

 डॉक्टरांनी स्वतः खुर्ची पुढे केली. "बसा. कुठं आणि किती दुखतं, सगळं सांगा."

"सांगतो," दामोदर म्हणाला. "कोटाची काळजी नको, शिवणीत दोन बोटं कापड राखलंय. पाठीत काही वाव ठेवलाय का, तेवढं बघा."