ब्रशला मिळाले नवे दात

न्हाणीघरातल्या फरश्या नव्या नवरीसारख्या चमकत होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. मालनकाकूंचा दात घासायचा ब्रश म्हातारा झाला, म्हणून काकूंनी त्याला फरश्यांच्या फटींत भरलेलं सिमेंट, म्हणजे ग्राउट, घासायला लावलं. काकूंच्या उरल्यासुरल्या एकोणीस दातांवर दिवस काढलेला तो ब्रश! समोर फरश्यांच्या पांढऱ्याशुभ्र रांगा पाहून त्याचे केसच ताठ झाले.

"अबब! केवढे हे दात! आणि एकही पडलेला नाही!"

मग काय, रोज सोड्याचं पाणी प्यायचं आणि फटीफटींतून गात सुटायचं. कोपऱ्यातली अ‍ॅसिडची बाटली खदाखदा हसायची. "अरे वेड्या, तुझं महिन्याचं काम मी मिनिटात उरकते!"

एकदा पाहुणे यायचे होते. काकूंनी घाईघाईत बाटलीच ओतली. फस्स! सगळं लख्ख झालं. बाटली फुगून टुम्म!

असं चार-सहा वेळा झालं आणि एके सकाळी काकूंच्या पायाखालची फरशी डुगडुगली. फटींतलं ग्राउट भुसभुशीत होऊन वाहून गेलं होतं.

"मी फरशीला ओरखडाही काढला नाही हं!" बाटली ओरडली.

"खरंय बाई," ब्रश म्हणाला. "काकूंचे तेरा दातही चांगले धडधाकट होते. हिरड्यांनी सोडले, म्हणून पडले."